स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया : भूल, ब्लॉक आणि नंतरच्या वेदना

कृष्णाकाठ :

नमस्कार. माझ्या आईला (वय ६२) उजव्या स्तनाचा कर्करोग असल्याचे पाच महिन्यांपूर्वी कळले. आधी केमोथेरपी झाली, गाठ बरीच लहान झाली आणि आता येत्या बुधवारी स्तन व काखेतील गाठी काढण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे ज्याला डॉक्टर एमआरएम म्हणतात ती, ठरली आहे. काल भूलतज्ज्ञांची भेट झाली. संपूर्ण भूल तर देऊच, पण तिच्या जोडीला ‘पेक्स ब्लॉक’ही देऊ, म्हणजे नंतर दुखणे कमी राहील, असे त्यांनी सांगितले. त्यांच्यापुढे आम्ही होकार दिला. घरी आल्यावर मात्र लक्षात आले की नेमके काय होणार आहे हे आईला समजलेले नाही आणि मलाही नाही.

आईला मधुमेह आहे. बारा वर्षांपूर्वी गर्भाशयाची पिशवी काढली तेव्हा तिला दोन दिवस सतत उलट्या झाल्या होत्या, आणि टाके असलेल्या पोटाने उलटी करण्याच्या त्या यातना ती अजून विसरलेली नाही. कर्करोगापेक्षाही तिला या वेळी त्याचीच धास्ती अधिक वाटते. त्यातच आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर असा संदेश आला आहे की शस्त्रक्रियेपूर्वी भुलीचे इंजेक्शन दिले तर कर्करोग पुन्हा होत नाही, आणि हे मुंबईच्या टाटा रुग्णालयाने सिद्ध केले आहे. ते इंजेक्शन आणि हा ब्लॉक एकच का? ब्लॉकमध्ये धोका कोणता? बुधवारच्या आधी आम्ही काय विचारून घ्यावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

संत्रानगरी :

ताई, मी स्वतः या शस्त्रक्रियेतून गेले आहे, पंधरा वर्षांपूर्वी. रुग्णालयाचे नाव घेत नाही. मला ब्लॉक वगैरे काही दिला नव्हता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तेव्हा तो फारसा कोणी देतही नसेल. माझी तक्रार वेगळी आहे. पहिल्या रात्री मी दोनदा परिचारिकेला बोलावले आणि दोन्ही वेळा मला ‘एवढे दुखणारच, सोसा थोडे’ असे उत्तर मिळाले. मी सोसले. दुखते म्हणून हात अंगाशी धरून ठेवला, तो तसाच तीन आठवडे धरून ठेवला, आणि पुढे खांदा आखडला तो वर्षभर. वेणी घालण्यासाठी हात मागे नेता येत नव्हता. आईला आधीच सांगून ठेवा की दुखले तर बोलायचे, आणि एकदा सांगून झाले नाही तर पुन्हा सांगायचे.

भूल_आणि_जाग :

मी भूलतज्ज्ञ आहे आणि गेली अठरा वर्षे पश्चिम महाराष्ट्रात काम करतो आहे. आपल्या आईंना मी तपासलेले नाही, त्यामुळे त्यांच्याबाबतचा निर्णय त्यांच्याच डॉक्टरांचा राहील. पण विषय मोठा आहे आणि रुग्णाला तो पुरेसा समजावून सांगितला जात नाही ही उणीव आम्हा भूलतज्ज्ञांचीच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम नसांबद्दल. स्तनाची संवेदना मुख्यतः दुसऱ्या ते सहाव्या फासळ्यांच्या पातळीवरील नसा वाहून नेतात. पाठीच्या कण्यातून निघालेली यांतील प्रत्येक नस फासळीखालून पुढे येते. बगलेच्या रेषेवर तिची एक शाखा वर येऊन स्तनाची बाहेरची बाजू सांभाळते आणि दुसरी थेट छातीच्या मधल्या हाडापर्यंत जाऊन आतली बाजू सांभाळते. स्तनाच्या वरच्या कडेला मानेतून उतरणाऱ्या नसाही पोहोचतात. काखेत दुसऱ्या फासळीच्या पातळीवरची एक नस दंडाच्या आतल्या बाजूला जाते, तिचा उल्लेख पुढे पुन्हा करावा लागेल. शिवाय छातीच्या दोन स्नायूंना स्वतःच्या वेगळ्या नसा आहेत, आणि शस्त्रक्रियेत ते स्नायू ओढले जातात तेव्हा होणारी खोल, दाबल्यासारखी वेदना त्यांच्यामार्फत येते. एवढ्या वेगवेगळ्या वाटांनी वेदना येत असल्यामुळे एकच इंजेक्शन सर्व वाटा बंद करील अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

या वाटा अडवण्याची सर्वांत जुनी पद्धत म्हणजे पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक. मणक्याच्या शेजारी, नस कण्यातून बाहेर पडते त्या जागीच औषध सोडायचे. जर्मनीत ह्यूगो झेलहाइम यांनी १९०५ मध्ये तो प्रथम वापरला. मधल्या काळात तो मागे पडला आणि १९७९ नंतर पुन्हा प्रचारात आला. त्याचा परिणाम उत्तम असतो, परंतु सुई फुप्फुसाच्या आवरणापासून फार थोड्या अंतरावर असते. आवरणाला छिद्र पडून छातीत हवा साठण्याचा धोका क्वचितच प्रत्यक्षात येतो, पण तो आहे, आणि म्हणून या ब्लॉकला अनुभवी हात लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर इथे अधिक विचार करावा लागतो.

आपल्या आईंना सांगितलेला पेक्स ब्लॉक त्या मानाने अगदी अलीकडचा. राफेल ब्लांको यांनी २०११ मध्ये त्याचा पहिला प्रकार आणि २०१२ मध्ये दुसरा प्रकार मांडला. सोनोग्राफीच्या पडद्यावर छातीचे स्नायू एकावर एक ठेवलेल्या पोळ्यांसारखे दिसतात. वरचा मोठा स्नायू आणि त्याखालचा लहान स्नायू यांच्यामध्ये साधारण १० मिलिलिटर औषध सोडले जाते, आणि त्याखाली, तिसऱ्या-चौथ्या फासळीजवळ, लहान स्नायू व फासळ्यांवर पसरलेला करवतीच्या दात्यांसारखा स्नायू यांच्यामध्ये साधारण २० मिलिलिटर. पहिला थर स्नायूंच्या नसांसाठी आणि दुसरा स्तनाच्या बाहेरच्या बाजूसाठी व काखेसाठी. सुईचे टोक सतत पडद्यावर दिसत असते. बहुतेक ठिकाणी रुग्णाला झोपवल्यानंतरच हा ब्लॉक दिला जातो, त्यामुळे टोचल्याचेही कळत नाही. काखेतील गाठी काढायच्या असतील तेव्हा मला स्वतःला हाच अधिक सोयीचा वाटतो.

याची मर्यादाही सांगतो. छातीच्या मधल्या हाडालगतची आतली बाजू पेक्स ब्लॉकने नीट बधिर होत नाही. तेथे शल्यचिकित्सकाने टाके घालताना जखमेच्या कडेला थोडे औषध टोचले तर ती उणीव भरून निघते. दुसरे असे की या ब्लॉकने काखेतून जाणारी, खांद्याचे पाते जागेवर धरणाऱ्या स्नायूची नसही तात्पुरती बधिर होऊ शकते. काही शल्यचिकित्सक त्या नसेला हलका स्पर्श करून स्नायू उडतो का हे पाहतात आणि त्यावरून ती ओळखून जपतात. ब्लॉकनंतर ती खूण मिळत नाही. म्हणून ब्लॉक देणार आहे हे शल्यचिकित्सकाला आधी ठाऊक असले पाहिजे. २०१६ पासून पाठीच्या उभ्या स्नायूंखाली दिला जाणारा आणखी एक ब्लॉक प्रचारात आला आहे. तो देण्यास सोपा आहे, पण स्तनाच्या शस्त्रक्रियेत पहिल्या दोहोंच्या तुलनेत तो कमी पडतो असे माझे मत बनले आहे.

आता उलट्यांबद्दल, कारण आपल्या आईंची धास्ती अगदी रास्त आहे. स्त्री असणे, धूम्रपान न करणे, पूर्वी शस्त्रक्रियेनंतर उलट्या झालेल्या असणे आणि नंतर अफूवर्गातील वेदनाशामके लागणे, या चार गोष्टींवरून आम्ही उलट्यांचा धोका मोजतो. आपल्या आईंच्या बाबतीत पहिल्या तीन गोष्टी ठरलेल्याच आहेत आणि त्या बदलता येत नाहीत. चौथी मात्र बदलता येते. ब्लॉक चांगला बसला तर फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडोल यांची गरज बरीच कमी होते. पूर्वीच्या उलट्यांचा प्रसंग भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा, म्हणजे ते उलटीविरोधी औषधे एकाऐवजी दोन प्रकारची देतील. त्यांपैकी डेक्सामेथासोनने रक्तातील साखर वाढू शकते, तेव्हा मधुमेहाचाही उल्लेख त्याच वेळी करा.

ब्लॉक पहिल्या रात्रीचे दुखणे कमी करतो, पण तो कायम टिकत नाही. साधारण आठ ते बारा तासांत, कधी थोडा अधिक वेळ घेऊन, औषधाचा अंमल उतरतो, आणि सकाळी शस्त्रक्रिया झाली असेल तर ती वेळ नेमकी रात्रीची येते, जेव्हा वॉर्डात माणसे कमी असतात. त्यामुळे पॅरासिटामॉल ‘दुखले तर’ असे न लिहिता ठरलेल्या वेळांना लिहून घ्यावे आणि मूत्रपिंडाचा अहवाल ठीक असल्यास जोडीला सूज कमी करणारे वेदनाशामक द्यावे. अंमल उतरण्याआधीच गोळ्यांचा परिणाम सुरू झालेला असला पाहिजे. ही एक गोष्ट राहून गेली तर ‘ब्लॉक देऊनही मध्यरात्री असह्य दुखले’ असे रुग्ण सांगतो, आणि त्याचे म्हणणे खरे असते.

दवबिंदू :

डॉक्टर, सविस्तर माहितीबद्दल आभार. ब्लॉकच्या औषधाने फिट येऊ शकते किंवा हृदय बंद पडू शकते, असे वाचले होते. हे कितपत खरे आहे? आणि ज्यांच्या हृदयाची स्थिती नाजूक आहे त्यांची ही शस्त्रक्रिया केवळ ब्लॉकवर होऊ शकते का?

भूल_आणि_जाग :

पहिली गोष्ट खरी आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. बुपिव्हकेन किंवा रोपिव्हकेन यांसारखे औषध चुकून रक्तवाहिनीत गेले किंवा एकूण मात्रा जास्त झाली, तर जागा असलेला रुग्ण ओठांभोवती मुंग्या येणे, तोंडात धातूची चव लागणे, कानात आवाज येणे अशा तक्रारी करतो, आणि पुढे फिट येऊ शकते किंवा हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हे क्वचितच घडते. त्यासाठी मात्रा वजनावरून ठरवली जाते, औषध थोडे थोडे व दर वेळी सिरिंज मागे ओढून सोडले जाते, आणि २० टक्के लिपिड इमल्शनची बाटली हाताशी ठेवली जाते. ही चरबीयुक्त द्रावणाची बाटली शिरेतून दिली की रक्तातील बधिरीकरणाचे औषध हृदयापासून दूर खेचले जाते. आपल्या रुग्णालयात ती आहे का, हा प्रश्न कोणीही विचारावा.

केवळ ब्लॉकवर शस्त्रक्रिया होऊ शकते. हृदय किंवा फुप्फुसांच्या गंभीर आजारामुळे ज्यांना संपूर्ण भूल देणे धोक्याचे असते अशा स्त्रियांच्या बाबतीत पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक आणि हलकी गुंगी यांवर ती केली गेली आहे. मात्र तो नेहमीचा मार्ग नव्हे.

कृष्णाकाठ :

डॉक्टर, आपले उत्तर मी आईला दोनदा वाचून दाखवले. उलट्यांचा परिच्छेद तिने तिसऱ्यांदा वाचायला लावला. आता टाटा रुग्णालयाच्या त्या संदेशाबद्दलही सांगावे, ही विनंती.

भूल_आणि_जाग :

दोन वेगळी संशोधने एकाच संदेशात मिसळली गेली आहेत, आणि त्यांचे निष्कर्षही वेगळे आहेत.

पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक दिलेल्या स्त्रियांमध्ये कर्करोग कमी प्रमाणात उलटतो, असे २००६ मध्ये एका लहान अभ्यासात दिसले होते. तो जुन्या नोंदी चाळून केलेला, केवळ १२९ रुग्णांचा अभ्यास होता. त्यामागची कल्पना आकर्षक होती : शस्त्रक्रियेचा ताण, वायुरूप भूल आणि अफूवर्गातील औषधे यांमुळे प्रतिकारशक्ती काही काळ मंदावते, आणि ब्लॉकमुळे हे तिन्ही कमी होतात. मीही तेव्हा रुग्णांना हे आशेने सांगत असे. पुढे आठ देशांतील १३ रुग्णालयांत दोन हजारांहून अधिक स्त्रियांवर रीतसर चाचणी झाली आणि २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. ब्लॉक मिळालेल्या १०४३ स्त्रियांपैकी १०२ जणींचा आणि वायुरूप भूल मिळालेल्या १०६५ स्त्रियांपैकी १११ जणींचा कर्करोग उलटला, म्हणजे दोन्हीकडे १० टक्के. त्यानंतर मी तसे सांगणे सोडले.

टाटा रुग्णालयाची चाचणी निराळी आहे. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील ११ केंद्रांत सुमारे १६०० स्त्रियांवर ती केली आणि २०२३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीत ०.५ टक्के लिग्नोकेन हे जागा बधिर करणारे औषध नसेभोवती नव्हे, तर खुद्द गाठीच्या सर्व बाजूंनी, शस्त्रक्रियेला सात ते दहा मिनिटे उरलेली असताना शल्यचिकित्सकाने टोचले. पाच वर्षांनी कर्करोग न उलटता जगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्के झाले आणि एकूण हयात स्त्रियांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के. इतक्या स्वस्त आणि परिचित औषधाने एवढा फरक पडावा ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती परळमध्ये सिद्ध व्हावी याचा मला मनापासून अभिमान वाटतो. तरी दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. तुलनेच्या गटाला दुसरे कोणतेही इंजेक्शन दिलेले नव्हते, त्यामुळे कोणाला काय मिळाले हे शल्यचिकित्सकाला ठाऊक होते. आणि त्यातील स्त्रियांना आधी केमोथेरपी झालेली नव्हती. त्यांची शस्त्रक्रियाच प्रथम झाली. आपल्या आईंची केमोथेरपी आधी झालेली असल्यामुळे तो निष्कर्ष त्यांना जसाच्या तसा लागू करता येणार नाही. विषय आपल्या शल्यचिकित्सकांसमोर जरूर काढा, पण ते नाही म्हणाले तर हलगर्जीपणा समजू नका.

ज्यांना ही दोन्ही इंजेक्शने दिली जाणार असतील त्यांच्यासाठी एक सूचना. लिग्नोकेन आणि रोपिव्हकेन यांचे विषारी परिणाम एकमेकांत मिळवले जातात. ५० किलो वजनाच्या स्त्रीला लिग्नोकेन किलोमागे ४.५ मिलिग्रॅम या हिशेबाने फार तर २२५ मिलिग्रॅम आणि रोपिव्हकेन किलोमागे ३ मिलिग्रॅम या हिशेबाने फार तर १५० मिलिग्रॅम देता येते. पण या मर्यादा प्रत्येक औषध एकटे दिले तरच्या आहेत. एकाने गाठीभोवती पूर्ण मात्रा टोचली आणि दुसऱ्याने ब्लॉकमध्ये पूर्ण मात्रा सोडली, असे होता कामा नये. दोघांनी सुरुवातीलाच बेरीज करून घ्यावी.

रानजाई :

या संदर्भात एक जुनी हकिगत आठवली. संपूर्ण भूल देऊन केलेल्या आणि लेखी नोंद असलेल्या अगदी पहिल्या शस्त्रक्रियांपैकी एक स्तनाच्या कर्करोगाचीच होती. जपानमध्ये १८०४ साली हानाओका सेइशू या वैद्यांनी ६० वर्षांच्या एका स्त्रीला तोंडाने काढा देऊन ती केली. काढ्यात मुख्यतः धोतरा आणि बचनाग होता, म्हणजे आपल्या माळरानावर उगवणारा तोच धोतरा. काढ्याचे प्रयोग स्वतःवर करू दिल्यामुळे त्यांच्या पत्नीची दृष्टी गेली, असे तेथे परंपरेने सांगतात. या एका आजाराच्या वेदनेसाठी कोणीतरी आपले डोळे गमावले, हे वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

हालचाल :

मी फिजिओथेरपिस्ट आहे. संत्रानगरी यांनी लिहिलेला आखडलेला खांदा मी दर आठवड्याला पाहते. पहिल्या दिवसापासून मूठ उघडणे-मिटणे, कोपर वाकवणे आणि खांदे गोल फिरवणे सुरू करता येते. हात खांद्याच्या वर नेण्याचे व्यायाम मात्र शल्यचिकित्सकाला विचारून, साधारणपणे जखमेतील पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी निघाल्यानंतर. पुढे रेडिएशन द्यायचे असेल तर हात डोक्यावर नेऊन निश्चल ठेवता आला पाहिजे, अन्यथा यंत्राखाली योग्य स्थितीच घेता येत नाही. दुखणे आवाक्यात असेल तरच रुग्ण हात हलवते. म्हणून वेदनाशामकाची गोळी व्यायामाच्या साधारण पाऊण तास आधी घ्या, असे मी सांगते.

टेम्सतीर :

इंग्लंडमध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काम करते. दुखते का, असे विचारले की आपल्याकडच्या मावश्या आणि आज्या ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणतात, कारण सोसणे हा त्यांना गुण वाटतो. म्हणून मी शून्य ते दहा असा आकडा विचारते, आणि तो पडून असताना नव्हे, तर खोकताना आणि हात उचलताना विचारते. पडून असताना दोन सांगणारी बाई हात उचलताना सात सांगते. आईंना ही पद्धत आधीच शिकवून ठेवावी.

संत्रानगरी :

डॉक्टर, एक प्रश्न माझाही आहे. माझी छाती आणि दंडाचा आतला भाग अजूनही, विशेषतः थंडीत, जळजळतो. मला त्या वेळी ब्लॉक मिळाला असता तर हे टळले असते का?

भूल_आणि_जाग :

ताई, आपल्याला निश्चित हो म्हणता आले असते तर मला बरे वाटले असते. आपण एकट्या नाहीत : डेन्मार्कमध्ये देशभरातील स्त्रियांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षांनीही ४७ टक्के स्त्रियांना वेदना होत होत्या. तरुण वय, काखेतील गाठी काढणे आणि रेडिएशन यांमुळे ते प्रमाण वाढत होते. ब्लॉकमुळे दीर्घकालीन वेदना कमी होतात असे काही लहान अभ्यासांत दिसले आहे, परंतु वर उल्लेखलेल्या २०१९ च्या चाचणीत वर्षभरानंतर ब्लॉक मिळालेल्यांपैकी २८ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी २७ टक्के स्त्रियांना जखमेच्या जागी दुखत होते. त्यामुळे मी माझ्या रुग्णांना पहिल्या एक-दोन दिवसांचे आश्वासन देतो, वर्षानंतरचे देत नाही. आपली जळजळ मात्र इतकी वर्षे झाली म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ती दुखावलेल्या नसेची वेदना असावी, आणि तिला नेहमीच्या गोळ्या दाद देत नाहीत. ॲमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन ही तिच्यासाठीची औषधे आहेत. वेदना चिकित्सा विभाग असलेल्या रुग्णालयात एकदा अवश्य दाखवा.

संत्रानगरी :

पंधरा वर्षांत या दुखण्याला नाव आहे हे मला कोणी सांगितले नव्हते. पुढच्या आठवड्यात जाते.

कृष्णाकाठ :

शस्त्रक्रिया होऊन आज दहा दिवस झाले, म्हणून सर्वांना कळवते आहे. आम्ही आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांना उलट्यांचा प्रसंग सांगितला, लिपिडच्या बाटलीबद्दल विचारले आणि पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळांना लिहून घेतले. त्यांना प्रश्नांचा राग आला नाही. उलट खुर्ची ओढून ते आईजवळ बसले आणि ब्लॉक कुठे देणार हे त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून दाखवले. सकाळी साडेनऊला तिला आत नेले. संध्याकाळी तिने मऊ भात आणि वरण खाल्ले, उलटी एकदाही झाली नाही. रात्री तीनच्या सुमारास ती जागी झाली आणि हात हलवून पाहिल्यावर ‘पाच’ म्हणाली. गोळी दोनला दिलेली होती. परिचारिकेने शिरेतून आणखी एक औषध दिले आणि पहाटे आकडा दोनवर आला. पुढे तो चारच्या वर गेलेला नाही. टाक्यांच्या आतल्या कडेला, छातीच्या मधल्या हाडाजवळ, इतर भागापेक्षा अधिक दुखत होते, जसे आपण लिहिले होते.

एक शंका राहिली आहे. तिच्या उजव्या दंडाची आतली बाजू, काखेपासून जवळजवळ कोपरापर्यंत, अजून बधिर आहे. हात लावला तर दुसऱ्या कोणाचा दंड असावा असे वाटते, असे ती म्हणते. ब्लॉकचा अंमल अजून उतरलेला नाही का?

भूल_आणि_जाग :

वाचून फार बरे वाटले. नाही, ब्लॉकचा अंमल दुसऱ्या दिवशीच पूर्ण संपलेला असतो. मी सुरुवातीला काखेतून दंडाकडे जाणाऱ्या ज्या नसेचा उल्लेख केला होता, तिचा हा परिणाम आहे. काखेतील गाठी काढताना ती त्यांच्या मधूनच जाते. काही वेळा तिला ओढ बसते आणि काही वेळा ती कापावीच लागते. ती केवळ संवेदनेची नस आहे, त्यामुळे हाताची ताकद कमी होत नाही. ओढ बसली असेल तर काही महिन्यांत संवेदना परत येते. कापली गेली असेल तर बधिर भाग हळूहळू आक्रसतो, पण थोडासा राहू शकतो. तोवर त्या भागाला गरम पाण्याची पिशवी लावू नये आणि चुलीजवळ जपावे, कारण भाजल्याचे कळणार नाही.

खांद्याचे पाते मागे बाहेर आल्यासारखे दिसले, हाताला सूज आली किंवा जखमेतून पू येऊ लागला, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता दाखवावे. आणि बधिरपणाच्या जागी जळजळ किंवा विजेसारखी कळ सुरू झाली, तर पहिल्याच महिन्यात कळवा.